शेजारणीचा डोळा

बिशान, सिंगापूर
१२ ऑगस्ट २०१२

तीनदा पत्ता कळवला तुला. तरी तुझं पत्र घोलवडलाच गेलं. पुतण्याने, दीनानाथने, ते महिनाभर लाइटच्या बिलाखाली ठेवलं, मग इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिलं, आणि ते मला काल मिळालं. त्यात तू विचारतेस, यंदा चिकू कसे आहेत. मला काय माहीत चिकू कसे आहेत. वाडी सोडून दोन वर्षं झाली मला. मी आठव्या मजल्यावर राहते. खाली झाडं आहेत, पण ती सरकारची.

खोर्शीदला द्वारकेचा नमस्कार.

मी बरी आहे. गुडघे जागेवर आहेत. प्रबोध बँकेत जातो, सून विनीता बुओना व्हिस्टाला प्रयोगशाळेत जाते, नात जाई शाळेत जाते. सगळे इथल्या लोकलने, एमआरटीने जातात आणि एमआरटीनेच परत येतात, मधल्या वेळात मी आणि कपडे वाळत घालायचे बांबू. जाईला काही विचारलं की ती इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' लावून सांगते. जेवलीस का म्हटलं तर "जेवले ला". मी म्हटलं, हे 'ला' कुणाला.

मला काचबिंदू निघाला. घाबरू नकोस, मी घाबरले नाही. रोज रात्री थेंब घालायचे, मरेपर्यंत. डॉक्टर म्हणाला, थेंब चुकवले तर जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही. म्हणून चुकवत नाही.

जाईने कॉम्प्युटरवर तुमच्या तेहरानची बातमी दाखवली. कोंबडी घ्यायला रांग, ती रस्ता ओलांडून गेलेली. मी त्यात तुला शोधत होते. सगळ्यांच्या डोक्यावर रुमाल, काय कळणार. तुला काही हवं आहे का ते सरळ लिही. इथे सगळं मिळतं. विनीता म्हणते फोनवर बोला, तोंडसुद्धा दिसतं. मला नको. तुमच्याकडे ते मधेच बंद पडतं, आणि चालू राहिलं तर तू तासभर खुशालीच विचारशील. कागदावर जागा मोजकी असते.

द्वारका


तेहरानपार्स, तेहरान
९ सप्टेंबर २०१२

माझ्या जिवाच्या द्वारके,

तुझ्यावरून मी स्वतःला ओवाळून टाकते. तुझं पत्र आलं आणि घरात उजेड आला. तुझे गुडघे कसे आहेत, प्रबोध कसा आहे, सूनबाई थकत तर नाही ना, नातीला माझे मुके. तू इथे येशील तर तुझं पाऊल माझ्या डोळ्यावर. मेहरबानचा तुला सलाम. तो म्हणतो, तुझ्या मैत्रिणीचा हात दुखत नसो.

पत्ता चुकला तो हाताच्या सवयीने. सहासष्ट साली माहेरच्या इराणी वाडीतून लग्न करून इथे आले तेव्हापासून घोलवडच लिहीत आले, हात आपोआप तिकडेच जातो. रागावू नकोस.

रांग होती हे खरं आहे. मेहरबान उजाडताच जाऊन उभा राहतो. म्हणतो, दुकानात बसण्यापेक्षा रांगेत गिऱ्हाईकं जास्त भेटतात. कोणी अधिकारी म्हणाला की टीव्हीवर लोक कोंबडी खाताना दाखवू नका, गरिबाचा जीव जळतो. मेहरबान म्हणाला, म्हणजे बायकांनंतर आता कोंबडीनेही रुमाल बांधायचा. हे मी लिहिलं आहे, तू कुणाला वाचून दाखवू नकोस.

दुकानाचं विचारशील तर तसं आहे. पाण्याच्या बंबांचे सुटे भाग आधी जर्मनीहून यायचे, मग चीनहून, आता कुठूनच नाही. जुन्यातले काढून नव्यात बसवतो. सरकारने गॅस-पावावरची सवलत काढली तेव्हा बदल्यात दर माणशी पैसे खात्यात टाकायला लागलं. पहिल्या वर्षी त्यात घरखर्चाला हातभार लागायचा, आता महिन्याच्या अंड्यांना लागतो. पण आम्हाला काही कमी नाही. आम्ही इराकशी लढाईची आठ वर्षं काढली, कुपनांवर तांदूळ घेतला, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून झोपलो. हे तर काहीच नाही.

तुझ्या डोळ्यांचं वाचून जीव कळवळला. आमच्या समोरच्या घरात एक शेजारीण आहे, माझ्याच वयाची. तिलाही काचबिंदू. तिचे थेंब बाहेरच्या देशातले, ते हल्ली औषधवाल्याकडे येत नाहीत. इथले दुसरे घालते, पण डॉक्टर म्हणतो तिला ते लागू पडत नाहीत. तू कुठले घालतेस? उगाच विचारलं. सांगितलं नाहीस तरी चालेल.

मला काही नको. तू आहेस हेच पुष्कळ.

तुझ्या पायाची धूळ,
खोर्शीद


बिशान
१ ऑक्टोबर २०१२

तुझ्या पत्राचं पहिलं पान संपलं तरी मजकूर सुरू होत नाही. माझं पाऊल तुझ्या डोळ्यावर कशाला ठेवू? माझ्या टाचांना भेगा आहेत. आणि अक्षर एवढं मोठं का काढलंस? एका पानात आठ-नऊ ओळी. बोर्डीच्या शाळेत मास्तर तुझी पाटी वर धरून सगळ्यांना दाखवायचे, अक्षर कसं बारीक आणि गोल. आता बघ. कागद काय फुकट मिळतो तिकडे? आणि पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा नाही. तो नवऱ्याकडून लिहवून घेतेस म्हणजे मोठी मालकीण झालीस.

खोर्शीद, नमस्कार. मी बरी आहे.

माझे थेंब निळ्या झाकणाच्या छोट्या बाटलीत येतात. बाटली उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची. नाव जाईकडून वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून घेतलं आहे, ते शेजारणीला दे.

ते तुमच्याकडे का येत नाहीत ते मी प्रबोधला विचारलं. तो म्हणाला, औषधाला बंदी नाही. बंदी आहे ती पैसे पाठवायला. तुमच्या बँकेतून पैसे निघाले तरी पलीकडची बँक घेत नाही, अमेरिकेला भिते. पैसे नाहीत तर माल नाही. म्हणजे पंगतीत बसायला मनाई नाही, फक्त तोंड उघडायचं नाही. मी प्रबोधला म्हटलं, तुझी बँक घेते का? तो म्हणाला, आई, इराण हा शब्द आला की आमचं मशीनच थांबतं. आणि तो जेवायला लागला.

तर तुझ्या शेजारणीला थेंब हवे असतील तर मी इथून पाठवायचं बघते. पाठवू का? हो की नाही, एका शब्दात कळव. मी दुसऱ्यांदा विचारत नाही हे तुला माहीत आहे.

द्वारका


तेहरान
२४ ऑक्टोबर २०१२

माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा, द्वारके,

तुझे हात सुखी राहोत. तू नुसतं विचारलंस, त्यातच सगळं पोचलं. नको गं नको. तू एवढ्या लांब, तुझा स्वतःचा डोळा दुखता, आणि तू आमच्यासाठी धावाधाव करायची? मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. शेजारणीचं काही ना काही होईल. तिचं नशीब आहे, देव आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अक्षर मोठं येतं ते पेन जाड मिळतं म्हणून.

इथे या महिन्यात गडबड झाली. डॉलरचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक. एक दिवस मोठ्या बाजाराने दुकानं बंद ठेवली, पोलीस आले, धूर झाला. मेहरबाननेही शटर ओढलं. मी म्हटलं, तुझा काय संबंध, तुझं दुकान बाजारापासून कोसभर लांब. तर म्हणाला, आज नळी विकली तर उद्या तीच नळी दुप्पट देऊन आणावी लागेल, त्यापेक्षा न विकणंच स्वस्त. मग दोघं दुपारभर चहा पीत बसलो. तो मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता.

शहा होता तेव्हा मी इथे नवी होते. गुडघ्यापर्यंतचे झगे घालून आम्ही सिनेमाला जायचो, सासू तोंड फिरवायची. मग तो गेला आणि सासूचं ऐकणारे आले. मग लढाई. मग लोक म्हणाले आता बरं होईल. दर दहा वर्षांनी लोक तेच म्हणतात आणि मी दर वेळी नवीन पडदे शिवते. यंदा नाही शिवले.

तू आमची काळजी करू नकोस. शेजारीणही म्हणते, तुझ्या मैत्रिणीला तसदी देऊ नकोस.

तुझी बांदी,
खोर्शीद


बिशान
१८ नोव्हेंबर २०१२

एक शब्द मागितला होता, तू पानंच्या पानं लिहिलीस. पण नको म्हणालीस ते कळलं. नको तर नको. विषय संपला.

खोर्शीद, नमस्कार. दिवाळी झाली. विनीताला रजा एकच दिवस, त्यामुळे फराळ मी केला. चकलीचा वास पॅसेजमधून सगळ्या मजल्यावर गेला आणि शेजारची चिनी बाई नाक दाबून बाहेर आली. मी तिच्या हातात ताटली दिली. दुसऱ्या दिवशी ताटली रिकामी घेऊन आली आणि अंगठा दाखवला. अंगठा दाखवला म्हणजे आवडलं, असं जाई म्हणाली. मी तर चिडणार होते. इथली माणसं मला बरी वाटतात. खाणार का विचारलं की हो किंवा नाही सांगतात, आणि आपण पुढच्या कामाला लागतो.

वाडी दीनानाथ बघतो. यंदा चिकू बरे आहेत, विचारून घेतलं तुझ्यासाठी.

शेजारणीला म्हणावं डोळा सांभाळ.

द्वारका


तेहरान
२० जानेवारी २०१३

द्वारके,

थंडी फार आहे. धुराने आभाळ दिसत नाही म्हणतात. मेहरबान खोकतो.

शेजारणीचा डावा डोळा गेला. आता उजव्यातून नळीतून बघावं तसं दिसतं. ती कुरकुर करत नाही.

ओळ ओळीवर चढली असेल तर माफ कर. दिवा मंद आहे.

तू खुशाल राहा. तुझ्यावरून ओवाळून टाकते.

खोर्शीद


बिशान
१२ मार्च २०१३

शेजारीण म्हणे.

समोरच्या घराला कुलूप आहे. घराचा मालक कॅनडाला जाऊन सहा वर्षं झाली. मला सगळं कळलं आहे, तेव्हा आता खोटं लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

खोर्शीद, नमस्कार. हे पत्र चित्रकलेच्या कागदावर आहे. जाईच्या शाळेचा मोठा ब्लॉक आहे, आणि पेन तिचं फळ्यावर लिहायचं, बोटाएवढं जाड. एका पानावर चार ओळी बसतात. अर्धा ब्लॉक संपणार, संपू दे. उजेडात, खिडकीशी बसून वाच. एका दिवसात वाचून झालं नाही तरी चालेल.

कसं कळलं ते सांगते.

विनीताच्या प्रयोगशाळेत एक मुलगी आहे, महनाझ. तुमच्या तेहरानची. हौगांगला खोली घेऊन राहते. विनीताने तिला गेल्या महिन्यात रविवारी जेवायला आणलं. मी भरली वांगी केली होती आणि पुरणपोळ्या. ती एक पोळी जेवली. मी विचारलं, अजून वाढू? ती म्हणाली नको, पुरे, हात छातीवर ठेवून. मी ताट उचललं आणि पोळ्यांचा डबा बंद करून आत ठेवला. विनीताचं तोंड पडलं. मला म्हणते, आई, आग्रह तरी करायचा. मी म्हटलं, तिला तोंड आहे, तिने सांगितलं नको.

ती मुलगी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हिंदी सिनेमांवरून शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आजी, मला अजून दोन पोळ्या हव्या आहेत. पण आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणं म्हणजे बेशरमपणा. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. या देशात कुणी तिसऱ्यांदा विचारत नाही. पहिलं वर्ष मी सगळीकडून उपाशी घरी गेले."

म्हणाली, हे फक्त जेवणाचं नाही. दुकानदारसुद्धा पैसे नको म्हणतो, गिऱ्हाईक परत परत देतं, मग घेतो. त्यालाही माहीत असतं आणि यालाही. बाहेरच्या माणसाने खरं मानलं तर दोघांची पंचाईत.

मी तिला तीन पोळ्या वाढल्या. विचारलं नाही. मग आत जाऊन तुझी पत्रं आणली.

ती तिला वाचता येईनात, मी वाचली आणि विनीताने इंग्रजीत सांगितली. "उगाच विचारलं, सांगितलं नाहीस तरी चालेल." तिने मान हलवली. "नको गं नको, मेल्याहून मेल्यासारखं होईल." तिने परत मान हलवली. म्हणाली, आजी, हे नाही नव्हतं. हे अर्धं हो होतं. तुम्ही परत विचाराल म्हणून त्या थांबल्या असतील. मी म्हटलं, ही बाई बोर्डीच्या शाळेत माझ्या डब्यातली भाकरी न विचारता उचलायची. पकडली तर म्हणायची, भूक लागली होती. हिला आता भूक लागली म्हणायला तीनदा आमंत्रण लागतं?

महनाझ म्हणाली, पन्नास वर्षं होत आली ना त्यांना तिकडे.

मग मी पत्रं ओळीने लावली. वर पत्ता चुकतो. पाकिटावर नवऱ्याचं अक्षर. पहिल्या पत्रात पानाला ओळी आठ, शेवटच्यात पाच, आणि त्याही एकीवर एक चढलेल्या. नवरा पेपर वाचून दाखवतो. मी काय केलं? कागद वाया घालवतेस म्हणून तुला झापलं. रोज रात्री स्वतःच्या डोळ्यात थेंब घालते आणि मला तुझा डोळा दिसला नाही. ते असो. मी एकदाच विचारते हे तुला माहीत होतं, तू तिसऱ्यांदा हो म्हणणार हे मला माहीत नव्हतं. चूक निम्मी निम्मी घेऊ. भांडायला वेळ नाही.

महनाझची बहीण नसीम तुमच्याच शहरात आहे. तिला तुझ्याकडे पाठवली. ती माझ्या सुनेच्या ओळखीतली म्हणून आली, घरात बसली, चहा प्याली, सगळं तुला आठवत असेल. तुला वाटलं सहज आली. तू तिला सांगितलंस, मी ठणठणीत आहे. मेहरबाननेही तेच सांगितलं. घरात पिस्ते नाहीत म्हणून दोघांनी दहा वेळा माफी मागितली, लोकांनी महाग झाले म्हणून यंदा पिस्ते घ्यायचेच नाहीत असं ठरवलंय म्हणे, आणि तू सुका मेवा आणायला उठलीस ती टेबलाच्या कडेला अडकलीस. नसीमने ते बघितलं. तुला वाटलं बघितलं नाही.

मग मेहरबान तिला पोचवायला खालपर्यंत आला. तुमच्याकडे पाहुण्याला दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत सोडतात, नको नको म्हणत. दुसऱ्या जिन्यावर तो थांबला. म्हणाला, "मुली, शेजारीण कुणी नाही. तिला दिसत नाही. तिने मला शपथ घातली आहे." आणि तिथेच पायरीवर बसला. नसीम त्याच्याजवळ बसली. त्याने सगळं सांगितलं, कधी थेंब संपले, किती दुकानं फिरला, रांगेतल्या कुणी एकाने काळ्या बाजारातले आणून दिले तर त्यात पाणी निघालं. मग तो वर गेला आणि तुझ्या डॉक्टरची चिठ्ठी खिशात घालून खाली घेऊन आला. तू विचारलंस परत कुठे चाललास, तर म्हणाला जिन्यातला दिवा बंद करायला. त्याच्यावर रागावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

ती चिठ्ठी नसीमने फोनवरून इकडे पाठवली. तुमचे डॉक्टर औषधाचं नाव इंग्रजीत लिहितात, बरं झालं. औषध माझंच आहे, निळ्या झाकणाचं. इथल्या दवाखान्यात विनीता आणि मी गेलो. डॉक्टर म्हणाला, पेशंटला बघितल्याशिवाय देता येणार नाही. मी बाहेर जाऊन बसले आणि परत आत गेले. विचारलं. नाही म्हणाला. परत बाहेर बसले, परत गेले. विनीता म्हणत होती, आई, इथे असं चालत नाही. मी म्हटलं, बघू. तिसऱ्यांदा त्याने चष्मा काढला, तुमच्या डॉक्टरशी फोनवर बोलतो म्हणाला, आणि बोलला. मग लिहून दिलं. पैशाचं विचारू नकोस. विचारलंस तर तुझं पत्र परत पाठवीन.

आता नीट वाच. हे सगळ्यात महत्त्वाचं.

महनाझ नवरोजला, तुमच्या नव्या वर्षाला, घरी येते आहे. हे पत्र तिच्याच हाती देते आहे, आणि बाटल्याही तिच्याकडे आहेत, माझ्या जुन्या स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्या घालून. तोच डबा, ज्यातली भाकरी तू खायचीस. डबा ठेवून घे. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडली ती बाहेर राहिली तरी चालते, तिच्यावर तारीख घालायची, महिन्याने टाकायची, थोडी उरली म्हणून वापरत बसायचं नाही. रोज रात्री एकच थेंब. खालची पापणी ओढून. मेहरबानने घालायचा, तू स्वतः नाही, तू गालावर पाडशील.

महनाझने डबा पुढे केला तेव्हा तू नको म्हणाली असशील. तिला मी सांगून ठेवलं आहे, पहिल्यांदा नको म्हटलं की फ्रिज उघडायचा.

डावा डोळा गेला तो गेला. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, गेलेलं येत नाही, उरलेलं राखायचं. उजव्यात जेवढं उरलंय तेवढ्यात माझं हे जाड अक्षर मावतं. मला तेवढं पुरे.

तू आता मला पत्र लिहायचं नाहीस. डोळ्याला ताण द्यायचा नाही, आणि तुझ्या लिहिण्यावर माझा विश्वासही राहिलेला नाही. उत्तर मेहरबानने लिहायचं. फारसीत लिहू दे, महनाझ परत आली की वाचून दाखवेल. किती बाटल्या उरल्या, थेंब किती वेळा चुकला, तू किती वेळा अडखळलीस, एवढंच. खुशाली नको. आणि त्याला सांग, पत्र घरात बसून लिहायचं नाही. दुसऱ्या जिन्यावर, त्याच पायरीवर बसून लिहायचं.

द्वारका